मकेरिताची चटई आणि पाळकसाहेबांचं खंडन

सामोआतल्या सवाई बेटावरच्या साउफाता गावात मकेरिताच्या हाताखालून गेली नाही अशी विणकरीण सापडणार नाही. म्हातारी बोटांनी विणायची आणि जिभेने शिकवायची. नवरा मासे धरायला गेला तो परत आला नाही. पाच पोरं तिने चटयांवर वाढवली, आणि मोठी झाल्यावर ती सगळी ऑकलंडला गेली. तिथून ती पैसे पाठवायची, डबाबंद मांस पाठवायची, आणि म्हातारीला तिकडे बोलवायची. म्हातारी डबे ठेवून घेई आणि बोलावणं परत पाठवी.

आता तिच्या डोळ्यांत सायीसारखा पडदा आला होता. ही आपली शेवटची चटई हे तिला ठाऊक होतं, पण तसं ती कोणाला बोलली नव्हती. गावात नवं चर्च उभं राहिलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी गावोगावच्या बाया आपापल्या चटया उलगडून मिरवणार, एकमेकींच्या विणीवरून हात फिरवणार आणि मनातल्या मनात गुण देणार. केवड्यासारखी पानं उकळून, समुद्रात भिजवून, उन्हात पांढरी करून, दोऱ्याइतकी बारीक चिरून विणलेली चटई. अंगावर घ्यावी तर रेशमी वाटावी, आणि काठाला लाल पिसं. साउफाताची चटई अपुरी राहिली, तर मिरवणुकीत पुढे शेजारच्या फालेलोआची चटई जाणार होती. फालेलोआच्या बाया वीण घालतात की कोंबड्यांचं खुराडं बांधतात, हा मकेरिताचा जुना सवाल.

चटईला सहा जणी बसल्या होत्या. म्हणजे बसायला हव्या होत्या. एकीची दाढ दुखे, एकीच्या शेतात डुकरं शिरत, तिसरीकडे तर दर आठवड्याला कोणीतरी पाहुणा उतरे. पुष्कळदा म्हातारी एकटीच विणत बसे.

अशात तिची भाची लोसा ऑकलंडहून रजेवर आली. इस्पितळात परिचारिका, तिशीची, बोलायला फटकळ. तिच्या पिशवीत एक जाडजूड कादंबरी निघाली. विमानतळावर घेतली होती म्हणे, तिकडे जो तो तीच वाचतोय. लोसा इंग्रजी वाचायची आणि सामोअन बोलीत सांगत जायची.

गोष्ट अशी होती. एक विद्वान बाई एका मठाच्या तळघरात जुनं चामडं शोधून काढते. त्यावर लिहिलेलं असतं की येशूचे शिष्य बारा नव्हते, तेरा होते, आणि तेरावी बाई होती. शेवटचं भोजन तिनेच रांधलं होतं आणि खरं शुभवर्तमानही तिनेच लिहिलं होतं. पुढे पुरुषमंडळींनी तिचं नाव खरवडून काढलं. आता हे ज्याला ज्याला कळतं त्याला एक लंगडा संन्यासी विष घालून मारतो.

पहिल्या दिवशी ऐकायला तिघी होत्या. दुसऱ्या दिवशी सहाही आल्या, आणि दाढवालीची दाढ थांबली. संन्यासी जिना चढू लागला की बायांची बोटं अशी पळत की पानं चिरून पुरेनात.

सेनारा नावाची एक भाबडी बाई मध्येच म्हणाली, "मावशी, हे ऐकणं पाप तर नाही ना?"

मकेरिताने मान वर केली नाही. "तेरा माणसं जेवायला बसली म्हणजे चुलीपाशी कोणीतरी बाई असणारच. त्यात पाप कसलं? वीण घट्ट धर."

तीच सेनारा रविवारी बायबलच्या वर्गात उठली आणि तिने पाळकसाहेबांना विचारलं, की शेवटच्या भोजनाचा स्वयंपाक कोणी केला होता? एलिसाया पाळकसाहेबांची सगळी हयात धर्मशास्त्रात गेली होती, पण हा प्रश्न त्यांना कोणी केला नव्हता. त्यांनी घसा साफ केला, एक भजन घेतलं, आणि सोमवारी ते थेट विणकामाच्या घरात आले. घराला भिंती नाहीत, त्यामुळे लपवायला जागा नाही. पाळकसाहेबांनी हात पुढे केला. गावचा पहिला मासा त्यांना जातो, चांगला टारो कंद त्यांना जातो, तसं पुस्तकही गेलं. हे विष आहे, याचं आपण वेदीवरून खंडन करणार, असं ते म्हणाले.

त्या वेळी विद्वान बाई तळघरात कोंडलेली होती आणि पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं होतं.

झालं. दाढ पुन्हा दुखू लागली, डुकरं पुन्हा शेतात शिरली. लोसाचंही पुढचं वाचून झालेलं नव्हतं, त्यामुळे तिला विचारून उपयोग नव्हता. चटई गुंडाळून पडली. म्हातारी रोज तिच्यावरून हात फिरवी. उद्घाटन तोंडावर आलं होतं.

चर्चमध्ये फुलं लावता लावता पाळकीणबाई वाईतोआ मकेरितापाशी कुरकुरल्या. परवा संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख झाला, सगळं गाव आपापल्या घरात भजनाला बसलं, त्या वेळी कोणी बाहेर फिरू नये म्हणून रस्त्यावर पहाऱ्याची पोरं काठ्या घेऊन उभी राहिली. गाणं नाही आलं ते फक्त पाळकाच्या घरातून. पोरांनी डोकावून पाहिलं, तर साहेब खुर्चीत, नाक पुस्तकात. दुसरा कोणी असता तर पंचांनी दंडाला डुक्कर मागितलं असतं. पाळकाला दंड करायचा कोणी?

"खंडनाची तयारी करतोय म्हणतात," वाईतोआ म्हणाल्या. "जेवताना हाक मारली तर 'हं' म्हणतात. काल भाजी समजून पाण्याच्या पेल्यात बोटं कालवली."

मकेरिताने फुलं तिथेच ठेवली. नारळाच्या दुधात शिजवलेली टारोची पानं भांड्यात घेतली आणि ती पाळकसाहेबांच्या ओट्यावर जाऊन बसली.

"साहेब, आम्ही अडाणी बाया. अर्धवट विष पोटात गेलंय, ते काढणार कोण? वेदीवरून एकदा बोलून भागायचं नाही. आमच्यात येऊन बसा आणि एकेक खोटं सोलून दाखवा."

"रोज?"

"विष बरंच गेलंय, साहेब."

पाळकसाहेबांनी पानं खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी ते आले. सहाही बाया हजर. त्यांनी खंडन पहिल्या पानापासून सुरू केलं, तर बाया म्हणाल्या, तिथवरचं आमच्या मनातून केव्हाच गेलं, तळघरापासून धरा. आता खोटं खोडायचं तर आधी ते सांगावं लागतं. पाळकसाहेब सांगू लागले. जन्मभर प्रवचनं केलेला गळा तो. पाणी छातीशी आलं तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला, आणि लंगडा संन्यासी आला तेव्हा ते स्वतः दोन पावलं लंगडत चालले. "आणि हे सगळं साफ खोटं आहे," असं शेवटी आठवणीने म्हणाले. बायांनी माना डोलावल्या. सेनाराने विचारलं, पुढचं खोटं काय?

असं रोज चाललं. चटई वीत वीत वाढली. काठाच्या पिसांपर्यंत काम आलं तेव्हा पाळकसाहेब अडले. शेवटचं प्रकरण इतकं पाखंडी आहे की ते जिभेवर घेणार नाही, म्हणाले.

मकेरिताने पिसांची टोपली मांडीखाली सरकवली. "मग काठ उघडा राहील. साहेबांच्या नव्या चर्चमध्ये बिनकाठाची चटई गेली तर फालेलोआच्या बाया काय म्हणतील, ते मला ऐकू येतंय."

पाळकसाहेबांनी रस्त्याकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, आणि खाली बसले. विष घालणारा संन्यासी नव्हताच. तो बिचारा बिशपांची औषधं पोचवायचा. विष घालत होते खुद्द बिशप. हे ऐकून बायांनी एकदम श्वास सोडला आणि पिसं बांधायला घेतली.

"बिशप आपल्या पंथात नसतातच," मकेरिता म्हणाली. "तुम्ही उगाच लाजलात."

उद्घाटनाला साउफाताची चटई सगळ्यांच्या पुढे निघाली. जिल्ह्याचे वडील पाळक आले होते, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी चटईवर हात ठेवला, हळूहळू सरकवला आणि मध्यावर थांबवला. इथली वीण बाकीच्याहून घट्ट होती, पाणी निसटणार नाही अशी.

"आजी, एवढ्या भक्तीने इथे काय म्हणत होता? कुठलं स्तोत्र?"

म्हातारीला आता नीट दिसत नव्हतं, पण त्या जागी बोट टेकताच तळघरातलं पाणी तिच्या छातीशी आलं. एलिसाया पाळकसाहेब बाजूलाच उभे होते. त्यांची मान कॉलरमध्ये आत आत चालली होती.

"आम्ही गप्प होतो, बाबा," मकेरिता म्हणाली. "इथे आमचे पाळकसाहेब बोलत होते."

वडील पाळकांचे डोळे भरून आले. त्यांनी एलिसायांचा हात हातात घेतला. मागच्या बाकावर वाईतोआबाई भजनाच्या पुस्तकात तोंड घालून गदगदत होत्या, आणि फालेलोआच्या बायांना वाटलं, केवढी ही भाविक बाई.