गड्याची बोली

अमरावतीच्या त्या नाटकाला आईला मीच हट्टानं नेलं. थिएटर नवंच, पण जुन्या संगीत नाटकांच्या काळातलं वाटावं असं बांधलेलं: लाकडी सज्जे, कमानी, झालरीचा मखमली पडदा. आई शेंदूरजनाघाटची, सारा जन्म संत्र्याच्या बागेत काढलेली. आता अकोल्याला माझ्याकडे जठारपेठेत राहते. खास ठेवणीतली साडी नेसून आली होती.

नाटक पुण्याकडचं. त्यात एक वऱ्हाडी बोलणारा गडी होता. "मालक, मले काहून बोलावलं?" एवढंच तो म्हणाला आणि थिएटर हसलं. मग तो "मले" म्हणाला की हशा ठरलेलाच. हसणारे कोण, तर आम्हीच, सगळे वऱ्हाडातले. आपलेच दात नि आपलेच ओठ. मी तर मांडीवर थाप मारून हसत होतो.

आई माझ्याकडे वळली. "काय बोलला रे थो? मले आयकू नाई आलं."

"काहून बोलावलं, असं म्हणाला."

"मंग त्यात हासासारखं काय हाय?"

"नंतर सांगतो," म्हणालो. ती बिचारी कानामागे हात धरून पुढे सरकून बसली. आपल्याच ऐकण्यात काही राहतंय असं तिला वाटत होतं.

मध्यंतरात वडा खाताना तिनं पुन्हा विचारलं. सरळ थाप मारायला हवी होती. पण मास्तरकीची खोड जाते कुठे! पुण्याच्या लोकांना आपली बोली गमतीची वाटते, म्हणून नाटकवाले ती गड्याच्या तोंडी घालतात, असं मी नीट समजावून सांगितलं.

"अन् तू काहून हासला?"

वर्गात पोरांचं "मले" खोडणारा, घरीही शुद्ध बोलणारा मी. अशी लाज मला कधी वाटली नव्हती. "वडा गार होतोय," एवढंच सुचलं.

दुसऱ्या अंकात गडी पुन्हा आला, "मले" म्हणाला, लोक हसले. मी मान खाली घातली. सगळ्यांचं हसून होत आल्यावर, पदर तोंडाला लावून, शेजारी आईही हसली.

बाहेर पडताना मला राहवेना. कितीतरी वर्षांनी मी तिच्याशी तिच्या बोलीत बोललो. "आई, आवडलं का तुले?"

तिनं पदर सावरला.

"हो," म्हणाली. "मला आवडलं."