लेकीला आणायला गेलेल्या प्रेमलाबाई

लातूरच्या आमच्या शाळेत प्रेमलाबाईंचा वर्ग पटांगणातल्या लिंबाखाली भरायचा. नवी इमारत झाली, ती भूकंपाला टिकेल असं साहेब लोकांनी येऊन सांगितलं, तरी बाई आत जायच्या त्या सहीपुरत्या. पाऊस फारच झाला तर मुलांना दाराजवळ दाटीवाटीनं बसवायच्या आणि दार सताड उघडं ठेवायच्या. मी त्यांच्या शेजारच्या वर्गावर होते. माझ्या खिडकीतून त्यांचे पाढे ऐकू यायचे. त्यांना कुणी कधी हसलं नाही. बाई किल्लारीच्या आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्र्याण्णव साली, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीत त्यांच्या सासरचं घर बसलं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. बाईंना शेजाऱ्यांनी ओढून काढलं. सासूबाई आणि त्यांच्या कुशीत झोपलेला बाईंचा तीन वर्षांचा मिहिर हाती लागले ते दुसऱ्या दिवशी. नवरा शेषेराव नोकरीपायी नांदेडला होते, म्हणून वाचले. पुढं दोघांनी लातूरला गावाबाहेर जागा घेतली. घर बांधलं ते पत्र्याचं. झोपायचं मात्र अंगणात, मांडवाखाली. श्रद्धा झाली ती त्याच घरात, आणि वाढली ती अंगणात.

माझं घर त्यांच्या शेजारीच. श्रद्धा माझ्याकडे यायची, बसायची. तिचं बालपण कसं गेलं ते मला माहीत आहे. मैत्रीण दुसऱ्या मजल्यावर राहते म्हणून वाढदिवसाला जायचं नाही. सिनेमाला जायचं नाही. कुठंही गेलं की आधी दार कुठं आहे ते बघून ठेवायचं. कॉलेजसाठी ती नांदेडला गेली तेव्हा हॉस्टेलची खोली तिसऱ्या मजल्यावर मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईला फोन केला. "आई, मी वर झोपले. काही झालं नाही." बाईंनी फोन ठेवला आणि आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत.

पुढं पोरगी पुण्याला जाऊन जपानी भाषा शिकली आणि जपानातल्या कानाझावा नावाच्या जुन्या शहरात पर्यटकांना गाव दाखवायच्या नोकरीवर गेली. शेषेराव तोवर वारले होते. बाई मला म्हणाल्या, "एवढी दुनिया पडलीय, आन् हिला भूकंपाचाच मुलूख सापडला बघा."

दोन हजार चोवीसच्या पहिल्याच दिवशी दुपारी तिकडच्या नोतो भागात मोठा भूकंप झाला. कानाझावाही हादरलं. बाई टीव्हीसमोर उभ्या होत्या. पडलेली घरं, त्यांच्यावर आडवी झालेली कौलारू छपरं. श्रद्धाचा फोन लागेना. संध्याकाळी लागला तेव्हा ती म्हणाली, "मी ठीक आहे, फक्त कपाटातल्या बशा फुटल्या." दुसऱ्याच दिवशी बाईंनी पासपोर्टची चौकशी केली. निवृत्त झाल्यावर, पंचवीस सालच्या ऑक्टोबरात, त्या हैदराबादहून विमानात बसल्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, धपाटे, ज्वारीचं पीठ. मला म्हणाल्या, "फिरायला न्हाई चालले मी. तिला घिऊन येते."

विमानतळावरच त्यांनी लेकीला तसं सांगितलं. श्रद्धा म्हणाली, "आधी बघ तरी मी कुठं राहते. चार गावं बघ, चार घास खा. मग बोलू."

"मला काय बी दाखवू नकोस."

"दाखवणार. तेच तर माझं काम आहे."

अशी त्यांची सहल सुरू झाली. कानाझावाच्या चहाघरांच्या गल्लीत दोन्ही बाजूंना काळपट लाकडाच्या जाळ्यांची बुटकी घरं आहेत. लोक तिथं फोटो काढतात. बाई मान वर करून छपरं बघत गल्लीच्या मधोमध चालत होत्या. श्रद्धानं त्यांना सोन्याचा वर्ख लावलेलं आईस्क्रीम आणून दिलं. "सोनं काय खायचं असतंय?" म्हणून त्यांनी ते तिलाच दिलं. मासळीबाजारात ताटाएवढे खेकडे दोरीनं बांधून मांडलेले. बाईंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मांस-मच्छी नाही. त्यांनी नाकाला पदर लावला तो बाहेर येईपर्यंत. कमळाचे देठ आणि रताळी तेवढी त्यांना ओळखीची वाटली. साध्या दिसणाऱ्या रश्शातही माशाचं पाणी असतं हे कळल्यावर त्या धपाट्यांवर आल्या. पण धपाटे किती दिवस पुरणार?

श्रद्धाची खोली चौथ्या मजल्यावर होती. बाई तिथं पहाटेपर्यंत दाराला पाठ लावून बसायच्या. श्रद्धा उठली की म्हणायच्या, "झोप झाली की माझी." डोळ्यांखाली काळं पडत चाललं होतं.

मग श्रद्धा त्यांना डोंगरातल्या ताकायामा गावी घेऊन गेली. गाव शेकडो वर्षांचं. नदीकाठी सकाळचा बाजार भरतो. कनातीखाली म्हाताऱ्या बाया लाल सलगमाचं लोणचं, सफरचंदं, वाळवलेल्या शेंगा घेऊन बसतात. तिथं बाई पहिल्यांदा रमल्या. एका म्हातारीनं चाखायला दिलेलं लोणचं त्यांनी खाल्लं. खुणेनंच मीठ जास्त आहे म्हणून सांगितलं आणि म्हातारी खळखळून हसली. काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेले तांदळाच्या पिठाचे गोळे दोघींनी चालत चालत खाल्ले. "आपल्याकडं गूळ लावून केले असते," बाई म्हणाल्या. श्रद्धाला वाटलं, जमायला लागलं.

दुपारी ती त्यांना एका जुन्या घरातल्या खानावळीत घेऊन गेली. घर लाकडाचं, तुळया काळ्याभोर, आत उंच छत. बाई दारातच थबकल्या.

"आई, इथं दगडाच्या भिंती नाहीत. लाकूड हलतं, पण पडत नाही."

"नोतोत बी लाकडाचीच होती की. टीव्हीवर बघितलं न्हाई का मी?"

श्रद्धा चपला काढून चटईच्या ओट्यावर चढली. शेवटी बाईही चढल्या आणि दाराजवळच्या चटईवर बसल्या. मालकीणबाईनं दोघींपुढं छोट्या शेगड्या मांडल्या. प्रत्येक शेगडीवर एक मोठं वाळलेलं पान, त्यावर सोयाबीनची आंबवलेली चटणी, कांद्याची पात, अळंबी. खाली निखारे. पान कडेनं करपू लागलं तसा चटणीचा खमंग वास सुटला. बाई पळसाच्या पत्रावळीवर जेवून वाढलेल्या. त्यांनी पानाला बोट लावून बघितलं. पहिला घास भातात कालवून घेतला, मग दुसरा. "हे झकास हाय," त्या म्हणाल्या. जपानात आल्यापासून त्या पोटभर जेवत होत्या त्या पहिल्यांदाच.

तेवढ्यात खानावळीतले सगळे फोन एकदम किंचाळले. तिकडं भूकंपाची सूचना तशी येते. पाठोपाठ जमीन सरकली. कपाटातल्या वाट्या किणकिणल्या, टांगलेला दिवा हेलकावला. मालकीणबाई झरझर शेगड्यांवर झाकणं घालत सुटली. बाकीचे लोक डोक्यावर हात घेऊन जागच्या जागी खाली वाकले. श्रद्धाही वाकत होती. बाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला ओढलं.

"आई, थांब! थांब, बस खाली!"

बाईंना ऐकू येत नव्हतं. चटईचा ओटा संपून खाली दगडी फरशी लागते तिथं श्रद्धाचा तोल गेला. ती उजव्या हातावर पडली. बाईंनी तिला तशीच उठवली, फरफटत गल्लीत आणली आणि छपरांपासून लांब, मधोमध, तिला दोन्ही हातांनी कवळून उभ्या राहिल्या.

जमीन केव्हाच थांबली होती. गल्लीत दुसरं कुणीच पळत आलं नव्हतं. दुकानांच्या दारांतून लोक त्यांच्याकडे बघत होते. बाई अनवाणी, पदर खाली लोळतोय. श्रद्धाचा हात मनगटापासून वेडावाकडा सुजायला लागला होता. थोड्या वेळानं मालकीणबाई बाहेर आली. तिनं दोघींच्या चपला आणून त्यांच्या पायांजवळ नीट जोडीनं ठेवल्या आणि मान लववून आत गेली.

दवाखान्यात एक्स-रे निघाला. हाड मोडलं होतं. प्लास्टर झाल्यावर बाकावर बसून श्रद्धा शांतपणे म्हणाली, "आजचा भूकंप इथल्या बातम्यांत सुद्धा धड येणार नाही. तिथं एक वाटी फुटली नाही, आई. मला भूकंपानं पाडलं नाही. तू पाडलंस."

बाई समोरच्या भिंतीकडं बघत राहिल्या.

"आणि हे आजचंच नाही," श्रद्धा म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "लहानपणापासून तू मला ओढत बाहेर आणतेयस. मी कुठल्याच घरात नीट बसले नाही. मी इथं का आले माहितेय? इथं रोज जमीन हलते आणि लोक तरी घरात झोपतात. मला ते शिकायचं होतं."

मला हे पुढं दोघींनीही सांगितलं, वेगवेगळं. श्रद्धाला वाटलं होतं आई रडेल किंवा चिडेल. बाई एवढंच म्हणाल्या, "लई दुखतंय का?"

त्यानंतर त्यांनी परत चल म्हणून एकदाही म्हटलं नाही. तिकीट मात्र त्यांनी पुढं ढकललं. उजवा हात गळ्यात, पोरीला वेणी घालता येईना, भांडी घासता येईनात. बाई चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत तिचे केस विंचरायच्या, ज्वारीच्या भाकरी थापायच्या, तिकडच्या चटणीत लसूण घालून बघायच्या. एकमेकींशी बोलणं कामापुरतं. बाईंचं वजन घटलं. एकदा श्रद्धानं त्यांना जिन्याच्या पायरीवर बसून हुंदके देताना पाहिलं आणि ती तशीच मागं फिरली.

शिराकावा नावाच्या खेड्याची बसची तिकिटं आधीच काढलेली होती. जायच्या दिवशी सकाळी बाई पातळ बदलून तयार बसल्या होत्या. बस बोगद्यांतून जात होती. एका बोगद्यात बाईंनी डोळे मिटून घेतले. श्रद्धानं डावा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "आई, मिहिर कसा होता?"

बाईंनी डोळे उघडले. किल्लारीत काय झालं ते लातूरच्या घरात रोज निघायचं, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शेषेरावांनीही नाही.

"कसा म्हंजे?"

"म्हणजे, शहाणा होता का खोडकर?"

बाईंना पटकन आठवेना. त्या घाबरल्या. मग म्हणाल्या, "खोटं लई बोलायचा." आणि त्यांना हसू आलं. "काकवीचं भांडं सगळं तोंडाला लावून यायचा आन् म्हणायचा, मांजरानं खाल्लं. मी म्हणायचे, मांजराला मिशा असतात, तुला कशा आल्या? तर पळत जाऊन आजीच्या लुगड्यात तोंड पुसायचा." नंतर कितीतरी वेळ त्या बोलत होत्या. त्याला बैलाची भीती वाटायची. तो "श" म्हणू शकत नव्हता, बापाला सेसेराव म्हणायचा. बोगदे मागं पडत गेले.

खेडं डोंगरांच्या मधल्या सपाटीवर होतं. भातं कापून झालेली, झाडांवर तेंदूसारखी दिसणारी केशरी फळं. घरांची छपरं गवताची, जाडजूड, जोडलेल्या हातांसारखी उतरती. आतून ती दोरांनी बांधलेली असतात, असं श्रद्धानं सांगितलं. एक घर पर्यटकांना आतून बघता येतं, अगदी वरच्या माळ्यापर्यंत.

"तू येतेस?"

बाईंनी घराकडं पाहिलं. उंबऱ्यापर्यंत गेल्या. मग मान हलवली. "न्हाई जमत मला. तू जाऊन ये."

श्रद्धा एकटीच आत गेली. बाई शेताच्या बांधाजवळच्या बाकावर बसल्या, पण बसवेना, उठल्या. बऱ्याच वेळानं माळ्याच्या खिडकीत श्रद्धा दिसली. तिनं प्लास्टरचा हात हलवला. बाईंनीही हात वर केला. ती खाली येईपर्यंत त्या उभ्याच होत्या, दोन्ही मुठी आवळून. पण त्यांनी हाक मारली नाही. श्रद्धा बाहेर आली तेव्हा बाईंच्या तळव्यांत नखांच्या खुणा उमटल्या होत्या.

नंतर दोघींनी काडीला थापून भाजलेला, अक्रोडाची गोडसर चटणी लावलेला भात खाल्ला. परतीच्या बसमध्ये बाई श्रद्धाच्या खांद्यावर झोपल्या. बस थांबली तरी श्रद्धानं त्यांना लगेच उठवलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर बाई एकट्याच लातूरला आल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या खूप थकलेल्या दिसल्या. "न्हाई आली," एवढंच म्हणाल्या. रात्री झोपतात अजून अंगणातच. भीती गेलेली नाही, ती जाणारही नाही, असं त्या स्वतःच सांगतात.

निघताना विमानतळावर त्यांनी लेकीकडून एक कबूल करून घेतलं होतं. आजवर श्रद्धा बारीकसारीक धक्क्यांचं काही सांगायची नाही, आईला त्रास नको म्हणून. बाई म्हणाल्या, "सांगत जा. धक्का लहान असो की मोठा. मला झोप न्हाई लागली तर न्हाई लागली."

आता श्रद्धाचा निरोप येतो, आठवड्यात कधी एक, कधी तीन. जमीन हलली, मी घरात आहे. त्या दिवशी बाईंना जेवण जात नाही. त्या फाटकाशी येऊन उभ्या राहतात आणि मला हाक मारतात. मग आम्ही दोघी तशाच रस्त्याकडं बघत उभ्या राहतो.