बोरीच्या बिबट्याला चार शब्द

"मावशी, मी बिबट्याशी बोलणारी पेटी बनवलीय. बघायला ये."

माझ्या भाचीचा, पल्लवीचा, फोन. मी पहिला प्रश्न विचारला, "हिंजवडीची नोकरी सोडलीस का?" ती म्हणाली, "सोडली." मी बॅग भरायला घेतली. रागवायचं तर समोरासमोर रागवावं, आणि त्याआधी वस्तू डोळ्यांनी बघून घ्यावी, असा माझा नियम आहे.

शनिवारी पहाटे वाकडेवाडीहून नाशिककडे जाणारी एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, स्वतःची गाडी काढून चाकणच्या कोंडीत क्लच दाबत बसण्यात शहाणपण नाही. चाकणला कोंडी लागलीच. पण खेडच्या पुढे रस्ता सुटतो आणि दोन्ही बाजूंना ऊस, कांदा, मधूनच पांढऱ्या जाळीखालच्या रोपवाटिका दिसू लागतात. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ चांगला. शाल मात्र घ्या. कुकडीच्या खोऱ्यातली थंडी पुण्याच्या थंडीला हसते.

मंचरच्या स्टँडवर पल्लवी स्कूटर घेऊन उभी होती. तिथून अवसरी जवळच आहे. ती इथेच इंजिनिअरिंग शिकली आणि आता त्याच गावात खताच्या दुकानावरच्या खोलीत तिचं वर्कशॉप आहे. खाली युरियाचा वास, वर सोल्डरिंगचा. टेबलावर तारा, सोलरची पाटी आणि एक अर्धवट खाल्लेली भाकरी.

पेटीचं काम असं. उसाच्या कडेला ती लावायची. समोर काही हललं की आतला छोटा कॅमेरा फोटो काढतो, जनावर आहे की माणूस ते पेटी ओळखते, आणि जनावर असेल तर स्पीकरमधून माणसाचा आवाज येतो. बिबट्या माणसाच्या बोलण्याला बिचकतो. म्हणून तर इकडच्या बायका उसातून जाताना मोठ्याने गप्पा मारत जातात, एकटी असली तर मोबाईलवर गाणी लावते.

"मग अडचण काय आहे?" मी विचारलं.

पल्लवीने फोनवर एक फोटो दाखवला. पेटीपुढे बिबट्या चक्क बसला होता. पुढचे पाय जुळवून, मान किंचित तिरकी.

"आत माझाच आवाज होता. 'थांब, मागे जा.' दर वेळी तोच. सुरुवातीला पळाला, मग सरावला," ती म्हणाली. "सोनालीताईंच्या सासूबाई म्हणाल्या, सिरीयल बघत बसलाय."

सोनाली बोरी बुद्रुकची. तिच्या दोन गाई. रोज पहाटे दुधाची किटली घेऊन उसातल्या पाणंदीने, म्हणजे शेतांमधल्या अरुंद वाटेने, तिला डेअरीवर जावं लागतं. नवरा भाजीचा टेंपो घेऊन रात्रभर वाशीच्या रस्त्यावर असतो, त्यामुळे सोबतीला कुणी नाही. हा फोटो बघून त्याने सांगून टाकलं होतं: रविवारी पहाटे बिबट्या पुन्हा पाणंदीत दिसला, तर सोमवारी गाई बेल्ह्याच्या बाजारात. गाई सोनालीने स्वतः वासरापासून वाढवलेल्या. आणि घरात तिच्या हातात येणारा पैसा तेवढाच.

म्हणजे पेटीला एक पहाट उरली होती. मी नोकरीचा विषय बाजूला ठेवला.

मंचरहून नारायणगावला शेअर जीपने गेलो. चालकाने मागे इतकी माणसं भरली की एका आजीबाईंचा पाय दारातून बाहेर राहिला. मी उठून उभी राहिले, वाकूनच, कारण छत डोक्याला लागत होतं.

"दोघांना खाली उतरवा. जीप आहे, खुराडं नाही. त्यांचा पाय मोडला तर तुमचा लावणार का?"

"बाई, तुमी शाळेवर व्हता का?" चालक म्हणाला.

"बँकेत होते. उतरवा."

दोघं उतरले. पल्लवी खिडकीबाहेर बघत होती, जणू माझी तिची ओळख नाही.

नारायणगाव बघायला निदान अर्धा दिवस ठेवा. टोमॅटोच्या बाजारात लाल कॅरेटांच्या, म्हणजे प्लास्टिकच्या खोक्यांच्या, भिंती उभ्या असतात, आणि त्यांच्या आडून फोनवर चाललेलं बोलणं ऐकावं: एका कानाला सुरत, दुसऱ्या कानाला दिल्ली. समोरच्या दुकानात ठिबकच्या नळ्या, शेजारच्या दुकानात फवारणीचा ड्रोन. ड्रोनला लिंबू-मिरची बांधलेली होती. मी दुकानदाराला विचारलं, "हे उडताना पडत नाही का?" तो म्हणाला, "मिरच्या पडत्यात, ड्रोन न्हाई पडत." जेवायला मासवडी घ्या, रस्सा वेगळा मागा. झणझणीत असतो, नाकात पाणी येतं, आणि तरी आपण दुसऱ्यांदा मागतो.

दुपारी जुन्नर. शिवनेरी समोर दिसत असून चढले नाही, याबद्दल वाचकांनी बोल लावू नयेत. मला इक्बालभाईंच्या वर्कशॉपमध्ये जायचं होतं. त्यांचे वडील धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या करत. इक्बालभाई द्राक्षबागेतल्या फवारणीचे ब्लोअर करतात, आणि पल्लवीच्या पेट्यांचे सांगाडे त्यांनीच जुन्या फवारणीच्या ड्रममधून कापून बनवलेत. ऊन, पाऊस, उंदीर, सगळं झेलतील असे.

पल्लवीची आणि त्यांची भांडणं आम्ही पोचण्याआधीपासून, म्हणजे फोनवरच, चालू होती.

"एकटा माणूस वरडतो तेव्हा तो घाबरलेला असतो," इक्बालभाई म्हणाले. "जनावराला कळतं ते. दोघं बोलत चाललेत असं वाटलं पाहिजे. दोन पेट्या लाव. एक इकडं, एक तिकडं."

"केल्यात की दोन, तुमच्या म्हणण्यावरून!" पल्लवी म्हणाली. "पण दोघांनी एकमेकांना उत्तर द्यायचं तर वेळ जुळवावी लागते. ते जुळवायला मला महिना गेला. ते नाही सांगत तुम्ही कुणाला."

"सांगतो की. पोरगी हुशार आहे, पण वाद लई घालती."

आता पेट्यांना आवाज हवे होते, नवे आणि तऱ्हेतऱ्हेचे. म्हणून वर्कशॉपात एक रीतच पडली आहे. जो येईल त्याने आधी आवाज द्यायचा, मग चहा. पत्रा विकायला येणारा, ब्लोअर दुरुस्तीला आणणारा, सगळ्यांचे आवाज पल्लवीच्या लॅपटॉपवर जमा आहेत. कुणी भाव करतंय, कुणी जावयाला नावं ठेवतंय.

माझ्यासमोर माईक आला.

"मला नाही जमणार. मी बिबट्याला काय सांगू?"

"जीपवाल्याला सांगितलंस तसंच," पल्लवी म्हणाली आणि इक्बालभाईंना सगळा किस्सा सांगितला. ते इतके हसले की हातातला पाना खाली ठेवावा लागला. चहा समोर निवत होता. मी शाल सावरली आणि बोलले.

"काय रे, ही बसायची जागा आहे का? एवढा ऊस मोकळा पडलाय, तिथे जा. ही दुधाची वाट आहे. बाईमाणसाची वाट अडवून बसतोस? ऊठ. ऊठ म्हणते ना!"

इक्बालभाईंनी दुसऱ्या माईकवर लगेच जोड दिली, "जाऊ द्या ना बाई. ल्हान हाये त्यो."

"लहान? याला लहान म्हणतात? तुमच्यासारख्यांनीच लाडावून ठेवलाय!"

चहा गरम करून पुन्हा मिळाला.

संध्याकाळी बोरीला पोचलो. बोरीच्या नदीकाठी फार प्राचीन ज्वालामुखीची राख सापडते, ती बघायला दूरदूरचे अभ्यासक येतात. पण उजेडातच पेट्या लावायच्या होत्या, त्यामुळे मी राख पाहिली नाही, सोनालीच्या गाई पाहिल्या. एक काळी, एक तांबडी. सोनाली तिशीतली, बोलायला कमी. वैरण टाकताना काळीच्या कपाळावरून हात फिरवून म्हणाली, "मावशी, ही माझा हात लागल्याबिगार पान्हाच सोडत न्हाई. बाजारात कुणाच्या हाताला देती ती?"

सासूबाई चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, "माझा लेक वाईट न्हाई. त्याला हिच्यासाठी भ्या वाटतं. गाई परत येतील, सून कुठनं आणू?" तिघांचंही बरोबर होतं.

पहाटे सोनालीच्या स्कूटीवर मागे बसले. किटली पायाशी, टॉर्च माझ्या हातात. पल्लवी मागून दुसऱ्या गाडीवर. दोन्हीकडे माणसापेक्षा उंच ऊस, दवाने जड झालेला. पाणंदीच्या मध्यावर आलो आणि अचानक पुढून माझाच आवाज आला, "काय रे, ही बसायची जागा आहे का?" पाठोपाठ मागच्या बाजूने इक्बालभाई, "जाऊ द्या ना बाई."

सोनालीने ब्रेक दाबला. पेटी आम्हाला बघून बोलली नव्हती, माणसांपुढे ती गप्प राहते. आम्ही तिघी मोठमोठ्याने बोलू लागलो, काय बोललो ते आठवत नाही. ऊस डावीकडे सळसळला, मग ती सळसळ लांब लांब गेली. "ऊठ म्हणते ना!" पेटीने वाक्य पूर्ण केलं. पल्लवी म्हणाली, "चला." आम्ही गेलो. दूध वेळेत पोचलं.

उजाडल्यावर अंगणात फोटो बघितले. पहिल्यात बिबट्या पाणंदीत उतरतोय. दुसऱ्यात मान मागच्या पेटीकडे वळलेली, म्हणजे तो मध्ये सापडला होता. तिसऱ्यात फक्त शेपटीचं टोक. तेवढ्यात सोनालीचा नवरा, दत्ता, टेंपो लावून आला. तिन्ही फोटो त्याने उभ्याउभ्या बघितले.

"आला व्हता म्हणजे," तो म्हणाला.

"आला होता," मी म्हटलं. "आणि गेला."

त्याने काळीपुढे वैरण सरकवली. मग सोनालीला म्हणाला, "या सोमवारी नको. पण एकटी जायाचं न्हाई. मी येईपर्यंत आई संगं येईल."

"मी? त्या फटफटीवर?" सासूबाई ओरडल्या. सोनाली पहिल्यांदा हसली.

कुणी तिकडे जाणार असेल तर एक सांगते. पेटी आहे म्हणून अंधारात उसात शिरू नका. ती ओरडते, राखण करत नाही. हे पल्लवीच प्रत्येक शेतकऱ्याला आधी सांगते, म्हणून मला तिचं काम पटलं. नोकरीबद्दल मी काही बोलले नाही. परतीच्या एसटीत, मंचरला उतरण्याआधी, तिने स्वतःच विचारलं, "रागवायचं राहिलं ना तुझं?" मी म्हटलं, "सगळं बोरीला संपलं."

पुण्यात येऊन आता बरेच दिवस झाले. त्या बाजूच्या वर्कशॉपांत, खतावरच्या खोल्यांत आणखी काय काय चाललं असेल, हे कुतूहल मात्र घरी आलं तरी निवलेलं नाही. परवा सोनालीचा फोन आला. दोन्ही गाई दावणीला आहेत. सासूबाई स्कूटीवर मागे बसतात आणि पाणंदभर दत्ताला नावं ठेवतात. "पण मावशी, तुमच्या आवाजाला त्यो जरा सरावल्यावानी वाटतोय. नवीन काहीतरी पाठवा."

त्यामुळे हल्ली दर रविवारी मी खिडकी लावून घेते आणि फोनवर पाच मिनिटं बोलते. काल शेजारच्या बाईंनी जिन्यात थांबवून विचारलं, "अहो, कुणावर एवढ्या चिडता?"

"बोरीचा आहे एक," मी म्हटलं. "ऐकतो, पण रोज नवीन सांगावं लागतं."