आक्का सिस्टर आणि पायाचा अंगठा

शिवगंगा सिस्टरचा राग बोलवावा लागत नसे, तो नाकाच्या शेंड्यावरच मुक्कामाला असे. गडमुडशिंगीच्या पुढच्या एका उपकेंद्रावर ती एक्क्याण्णव साली आरोग्यसेविका म्हणून हजर झाली. माहेर गडहिंग्लजकडचं, घरात कानडी, म्हणून गावानं पहिल्याच महिन्यात तिची 'आक्का' करून टाकली. आक्का सायकलवरून उतरली की पोरं दंड झाकून पळायची, आणि मिशा पिळणारे गडीसुद्धा आज आपलं काय चुकलं असेल, ते आठवत उभे राहायचे.

ओरडायला कारण तरी थोडं होतं व्हय? सुरुवातीची वर्षं जुलाब, गोवर आणि घरातली बाळंतपणं यांच्यामागं धावण्यात गेली. तेवढ्यात गावात दूध डेअरी जोरात आली. ज्याच्या दारात एक म्हैस होती, त्याच्याकडं चार झाल्या. चार म्हशींचा कडबा विळ्यावर किती चिरणार? मग घरोघरी विजेवरची कुट्टी मशीन आली. एका हातानं कडबा आत सारायचा, पातं गरागरा फिरतंय, आणि लक्ष शेजारणीशी बोलण्यात. पोरं जगली, बाळंतिणी वाचल्या, आणि बोटं तुटायला लागली.

बरं, हे सांगायचं कुणाला? महिन्याच्या अहवालात लशींचा रकाना होता, जंताच्या गोळ्यांचा होता, बोटांचा नव्हता. तालुक्याच्या मिटिंगला आक्का उभी राहिली, "साहेब, औंदा माझ्या पाच गावांत एकोणीस बोटं गेली. कुठं लिहू?"

"इतर-मध्ये लिहा, सिस्टर. आणि तुमचं नसबंदीचं टार्गेट का कमी आहे ते सांगा."

आक्कानं कपाळाला हात लावला आणि खाली बसली.

सत्त्याण्णव साली पिराजी नावाच्या शेतकऱ्याची दोन बोटं गेली, तेव्हा ती त्याला घेऊन कोल्हापुरात डॉक्टर विजयसिंहांकडं गेली. नवाच माणूस, सूक्ष्मदर्शकाखाली केसासारखा धागा वापरून रक्तवाहिन्या शिवायला शिकून आलेला. त्यांनी जखम बघितली आणि पहिलाच प्रश्न केला, "बोटं कुठं आहेत?"

"बोटं?" पिराजी म्हणाला. "ती मशीनखालीच पडल्यात की. आता त्येंचं काय करायचं?"

डॉक्टरांनी आक्काला बाजूला घेऊन समजावलं. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, पिशवीचं तोंड घट्ट बांधायचं आणि ती पिशवी बर्फात ठेवून धावत यायचं. जोडता येतं. आक्काला ते ऐकून रात्रभर झोप आली नाही, इतका आनंद झाला.

तो आनंद फार टिकला नाही. तिनं डेअरीत सांगितलं, हळदीकुंकवात सांगितलं, लस टोचताना सांगितलं. आणि माणसांनी काय केलं? केरबानं बोट हळद लावून तेलाच्या बरणीत घालून आणलं. तानाबाईच्या जावेनं दुकानातल्या फ्रीजरमध्ये टाकलं, ते दगड होऊन बाहेर आलं. एकानं तर बोट डेटॉलात बुडवलं. आक्का तिकडच्या बायकांच्या पुरुषी बोलीत त्यांना म्हणाली, "अरं, लोणचं घालालाय काय? पिशवी म्हटलतो मी, पिशवी!" ऐकणारे मान हलवायचे, व्हय आक्का, बरोबर आक्का. तिच्या घशाची पार वाट लागली होती.

दोन हजार तीनच्या जानेवारीत पल्स पोलिओचा रविवार होता. आक्का वस्तीवर डोस पाजत होती. एक गडी मोटारसायकल दामटत आला. अमरेशच्या बायकोचा, सौंदर्याचा, डाव्या हाताचा अंगठा कुट्टीत गेला होता. डोसांची पेटी तिथल्या अंगणवाडीच्या बाईंकडं देऊन आक्का त्याच्या मागं बसली.

सौंदर्या तिची आवडती. सव्वीस वर्षांची पोर, पाच म्हशींच्या धारा एकटी काढायची आणि एम-एटी गाडीला कॅन बांधून स्वतः डेअरीला घालायची. आक्का पोचली तेव्हा ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती, हाताला साडीचा तुकडा गुंडाळलेला. आक्कानं तो सोडून नीट घट्ट बांधला आणि सवयीनं विचारलं, "अंगठा कुठाय?"

अमरेश खाली बघायला लागला. त्याची आई मल्लव्वा पुढं आली. शांत, कपाळावर भस्माचे पट्टे.

"पुरला की."

"काय केलं?"

"मळ्यात, आमच्या मोठ्यांच्या समाधीशेजारी. माणसाच्या अंगाचा तुकडा हाय तो, उकिरड्यावर टाकायचा व्हय? आमच्या लिंगायतात जाळत न्हाईत, तुला म्हाईत न्हाय? तू पण आमच्यातलीच की. भस्म लावलं, बेल घातला, मीठ घातलं."

आक्काचा तोल सुटला. "अव्वा, बाई जित्ती बसलीया समोर! अंगठ्याची कसली समाधी बांधालाय? सा वरसं मी काय भिंतीशी बोलालतो?"

मग ती अमरेशकडं वळली. "फावडं घे."

अमरेशनं उकरलं. अंगठा निघाला, पिशवीत गेला, पिशवी बर्फात गेली, सौंदर्याला घेऊन सगळी कोल्हापुरात पोचली, मल्लव्वासुद्धा. सगळं रीतसर झालं. डॉक्टरांनी तो भिंगाखाली धरून उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "मीठ घातलं होतं का?"

"दोन पसे," मल्लव्वा म्हणाली.

अंगठा जोडता आला नाही. आतल्या वाहिन्या गेल्या होत्या.

पुढचे तीन महिने आक्का त्या घरात ड्रेसिंगला जात होती आणि दर खेपेला दात-ओठ खाऊन परत येत होती. जखम भरली. पण अंगठ्याशिवाय धार निघत नाही. सौंदर्या चार बोटांनी सड दाबून बघायची, बादलीत दोन चुळा पडायच्या आणि म्हैस लाथ झाडायची. अमरेश बसला तर म्हशी पान्हाच सोडायच्या नाहीत. एम-एटी दारात उभी होती. आणि एक गोष्ट होती, ती सौंदर्यानं फक्त आक्काला सांगितली. सकाळी पूजेला बसल्यावर गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, तर ते आता ठरत नव्हतं. घरंगळायचं. दोनदा मांडीवर पडलं. तेव्हापासून ती लिंग ताटलीत ठेवून, सगळ्यांच्या आधी उठून, एकटीच पूजा उरकत होती. हे सांगताना ती रडली.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. म्हणाले, एक उपाय आहे. पायाचा अंगठा काढून हाताला बसवायचा. हाड, नसा, रक्तवाहिन्या, सगळं जोडायचं. नऊ-दहा तासांचं काम. चालताना थोडं जाणवेल, पण हाताला पकड येईल.

"पायाचा?" मल्लव्वा म्हणाली.

"शेजारचं बोटही चालतं. पण जोर अंगठ्यालाच जास्त."

"शेजारच्यात जोडवं हाय," मल्लव्वा म्हणाली. "आणि अंगठा तर न्हाईच न्हाई. त्या हातावर ती लिंग धरणार! पायाचं बोट लिंगाला लावायचं? डॉक्टर, तुमच्या बुकात असंल, आमच्यात चालत न्हाय."

अमरेश म्हणाला, "अव्वा म्हणतीया ते बी खरं हाय."

झालं! आक्का खुर्चीतून उठली. बाहेरचे पेशंट आत डोकावायला लागले, इतका तिचा आवाज चढला.

"अव्वा, गेल्या सोमवारी मठाचे स्वामी आलते तुमच्याकडं. काय केलासा?"

"पाद्यपूजा केली."

"पायाच्या अंगठ्यावर पाणी घातलं न्हवं? आणि त्ये पाणी काय केलासा?"

"तीर्थ हाय ते. घेतलं."

"घेतलं! डोळं मिटून घेतलं, नातवाला पाजलं, उरलेलं घरात शिंपडलं. मग पायाचा अंगठा इटाळाचा कधीपास्नं झाला? स्वामींचा चालतोय आणि दिवसभर तुमच्या म्हशींमागं पळणाऱ्या सुनेचा चालत न्हाय? तिच्या पायात कमी देव हाय व्हय?"

मल्लव्वानं तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "माझ्या ध्यानात आलं न्हवतं गं असं."

आक्काला वाटलं, जिंकलो. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी आपलं बोलणं पुरतं ऐकलं. तिनं टेबलावरचा संमतीचा कागद उचलला, अमरेशपुढं ठेवला, पेनाचं टोपण काढलं. "कर सही. लौकर कर, अव्वाचं मन फिरायच्या आत."

"आक्का."

सौंदर्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तासभर झाला होता आणि ती एक शब्दही बोलली नव्हती.

"काय गं?"

"मी अजून व्हय म्हटलेलं न्हाय."

आक्का हसली. "अगं, तुझ्यासाठीच तर एवढं भांडालोय मी."

"भांडालाय की. पण मला कुणी इचारलं? अंगठा पुरताना पण इचारलं न्हवतं. मी पडवीतच बसलतो. समोरनं घेऊन गेलं." तिचा आवाज चढला नाही. "पाय माझा, हात माझा. लिंग पण माझंच हाय, स्वामींनी माझ्या गळ्यात बांधलंय, घराच्या न्हाय. आणि तुम्ही सही पोराच्या अप्पांची घेताय."

अप्पा म्हणजे खुद्द अमरेश, पोराच्या तोंडचं नाव. तो लाजला. आक्काला मात्र कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आयुष्यभर ती या घरादारांना ऐकत नाही म्हणून शिव्या घालत आली होती, आणि आज तीन महिने ज्या हाताला पट्ट्या बांधल्या, त्या हाताच्या मालकिणीला तिनं एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. कागद तिनं अमरेशच्या पुढून काढून घेतला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून त्या पाच गावांत कुणी ऐकले नव्हते. "सांग, काय करायचं?"

सौंदर्या डॉक्टरांकडं वळली. "धार काढता येईल?"

"सहा-आठ महिन्यांनी. रोज व्यायाम करावा लागेल. आधीइतका जोर येणार नाही."

"आणि बसला न्हाई तर?"

"तसंही होतं. शंभरात पाच-सहा जणांचं. मग पायाचाही गेला आणि हाताचाही."

तिनं साडी जरा वर धरून आपली दोन्ही पावलं बघितली. कुणी मध्ये बोललं नाही, आक्कासुद्धा नाही, आणि त्यासाठी आक्काला ओठ दाताखाली धरावा लागला.

"बसवा," सौंदर्या म्हणाली. "डाव्या पायाचा घ्या. उजव्यानं मी एम-एटीची किक मारतो."

तिनं उजव्या हातात पेन घेतलं आणि टेबलाशी आली. डावा हात कागदावर ठेवला, पण अंगठ्याची जागा अजून हुळहुळायची, जोर देऊन कागद दाबता येईना. पहिलं अक्षर काढलं की कागद पेनाबरोबर सरकायचा. आक्काचा हात आपसूक पुढं झाला, आणि मध्येच थांबला.

"धरू?" तिनं विचारलं.

सौंदर्यानं नको म्हणून मान हलवली आणि सासूकडं बघितलं. "अव्वा, तुम्ही धरा."

मल्लव्वा उठली. तिनं दोन्ही तळवे कागदाच्या कडांवर दाबले, आणि सून सावकाश, एकेक अक्षर काढत, आपलं पूर्ण नाव लिहीपर्यंत ते उचलले नाहीत.