पाच साथींच्या गावात बाबांची सेकंड शिफ्ट

बाबांना सोबत घेऊन प्रवास करू नये, असं माझं ठाम मत आहे. गाडी सुटायच्या दोन तास आधी ते स्टेशनवर हजर असतात, चहा बेचव म्हणत तीनदा पितात आणि टीसी यायच्या आत तिकीट हातात धरून बसतात. तरीही होळी झाल्याबरोबर मी त्यांना घेऊन दुर्गहून निघाले, कारण आईने जेवणच सोडायची धमकी दिली होती.

माझी धाकटी बहीण प्रज्ञा भिलाईत एका कारखान्यात ड्रॉइंगचं काम करायची. दोन वर्षांपूर्वी ती ओडिशाच्या किनाऱ्यावर आठ दिवस फिरायला गेली आणि तिथेच राहिली. तिथल्या एका कोळीवाड्यात काही माणसं स्वतःला ‘पाच साथी’ म्हणवतात. कासव, खेकडा, केवडा, वारा आणि समुद्र हे त्यांचे पाच साथी. प्रत्येकाने वर्षभरासाठी एक साथी घ्यायचा आणि त्याच्या वाट्याचं काम करायचं. प्रज्ञाने कासव घेतलं होतं, पुढच्या वर्षीही तेच. लाकडी कासवाशेजारी बसलेला फोटो तिने हौसेने पाठवला आणि घरात आग लागली.

बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनमधून रिटायर झालेले. आमचे आजोबा भंडाऱ्याकडून भिलाईला आले ते बौद्ध धम्माची दीक्षा घेऊनच. फोटो बघून बाबा एवढंच म्हणाले, “तुह्या आज्यानं देव घराबाहेर काढले, अन् तू कासव घेऊन बसली.” त्यानंतर दोन वर्षं ते तिच्या फोनवर आले नाहीत.

आईचा गुडघा नुकताच बदललेला. ती म्हणाली, “मले जाता येत नाही म्हणून तुम्हाले सांगून राहिली. एक डाव पाहून या. नाही पटलं तर पोरीले घेऊन या.” बाबांनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. पोरीला घेऊन यायचं, एवढ्यासाठीच ते निघाले.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: दुर्गहून संध्याकाळी बसलात तर सकाळी पुरीला उतरता. स्लीपर पुरेसा आहे. खाणं घरून न्या. आम्ही बेसनाची ठेठरी, तिळाची चटणी आणि आईच्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबीरवड्या, नेल्या होत्या, त्या रायपूर यायच्या आत निम्म्या झाल्या. पुरीच्या स्टँडवरून बसने अडीच तास, मग शेअर ऑटो, आणि शेवटी खाडी ओलांडायला होडी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गर्दी आणि मोबाइलचे दिवे आले की कासवं फिरकत नाहीत, असं तिथल्या लोकांनी हात जोडून सांगितलंय. खरंच जायचं असेल तर खाली कॉमेंटमध्ये विचारा.

प्रज्ञा होडीपाशी उभी होती. रापलेली, अनवाणी, केसांत वाळू. मी तिला मिठी मारून रडले, बाबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि होडीवाल्याला विचारलं, “वापसी की नाव कब है?”

साथींचं घर म्हणजे झावळ्यांचा एक मांडव. तीन बाजूंनी मिळून चार आकृत्या: वाहून आलेल्या लाकडाचं कासव, जुन्या जाळ्याचा खेकडा, केवड्याचं जितंजागतं झुडूप, आणि वारा म्हणून फाटक्या शिडाचा तुकडा. चौथी बाजू मोकळी. पाचवा साथी समोरच गर्जत होता, त्याची आकृती कशाला करायची? मला तर ते सगळं बघताक्षणी आवडलं. हे सगळं सुरू करणारी एक म्हातारी कोळीण आहे, तिला सगळे माउसी म्हणतात. ती आमच्यासाठी शहाळी घेऊन आली.

बाबा उंबऱ्यातच थबकले. “पाया पडावं लागते का?” त्यांनी मला दरडावून विचारलं, जणू मांडव मीच घातला होता. मग उत्तराची वाट न बघता तरातरा आत गेले, मोकळ्या बाजूला एक ओंडका होता त्यावर आकृत्यांकडे चक्क पाठ करून बसले आणि समुद्राकडे बघत राहिले. म्हणजे बघा, मी काही मानत नाही!

मला वाटलं, आता भांडण होतंय. पण माउसीचा चेहरा एकदम खुलला. तिने कोपऱ्यातून एक काठी आणि शिट्टी आणली आणि बाबांच्या हातात दिली.

“ये क्या है?” बाबा गोंधळले.

“ड्यूटी,” माउसी म्हणाली. “जो साथी लोग को पीठ देके बैठा, वो पहरा लिया.”

त्यांची रीतच तशी आहे. आकृत्यांकडे तोंड करून बसतो तो पाहुणा. पाठ करून समुद्राकडे बघतो तो राखणदार. समोर वाळूत कुंपण घातलेला तुकडा होता, त्यात कासवाची अंडी पुरलेली. कुत्रे आणि कावळे टपलेलेच असतात. प्रज्ञा खांबाला टेकून सगळं बघत होती. बाबांची चूक ती एका वाक्यात सांगू शकली असती, पण बयेने तोंड उघडलं नाही.

भिलाईच्या माणसाच्या हातात काठी आणि शिट्टी देऊन ‘ड्यूटी’ म्हटलं, की तो उठून कसा जाणार? बाबांनी घड्याळ बघितलं. दोन वाजत होते. “सेकंड शिफ्ट,” ते स्वतःशीच म्हणाले. मग माउसीला विचारलं, “मेरे बाद कौन आएगा?”

“जिसका मन.”

“मन?” बाबांना धक्काच बसला. “मनावर शिफ्ट चालते का कुठी!”

दुपारभर ते शिट्ट्या मारत कुत्र्यांमागे पळत होते. सहाला सगळे जेवायला बसले; पखाळ म्हणजे पाण्यात आंबवलेला भात, भाजलेला मासा आणि अशी झणझणीत चटणी की आईची आठवण यावी. तिथला राखणदार कंटाळला की उठतो, मग ज्याला वाटेल तो जाऊन बसतो. बाबांना हे कोण सांगणार? मी बोलवायला गेले.

“रिलीव्हर आल्याबिगर पोस्ट सोडत नसते,” ते म्हणाले. “तू जेव.”

परत येऊन मी प्रज्ञाला सांगितलं. ती ताटावरून उठली, हात धुतले आणि वाळूतून चालत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी चार पावलं मागे.

“रिलीव्हर आली बाबा,” ती म्हणाली.

बाबा उठले. क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि मग कोक ओव्हनमध्ये सांगत असतील तसं खडखडीत आवाजात सांगितलं, “कुत्रे दोन, हाकलले. कावळे जास्त आहेत, उत्तरेकडून येतेत. कुंपणाची एक काडी ढिली हाय, बांधून घे. बाकी नॉर्मल.” काठी दिली, शिट्टी दिली. मग त्यांची नजर खाली गेली. “उघड्या पायानं ड्यूटीवर येतेस? अक्कल हाय का?”

दोन वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं. बाबांनी स्वतःचे जोडे काढून तिच्यासमोर ठेवले आणि अनवाणी मांडवाकडे निघाले. प्रज्ञा ते होडीएवढे जोडे घालून बसली आणि हसत हसत रडली. मीही रडले, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे तीन शिफ्टचा तक्ता आखला आणि वाऱ्याच्या खांबाला टांगला. माउसीने तो उलटा धरून वाचल्यासारखं केलं आणि मान डोलावली. निघताना होडीपाशी बाबांनी विचारलंच, “खरं सांग, तू त्या कासवाले देव मानते?”

“देव आपली राखण करते म्हणतेत ना बाबा,” प्रज्ञा म्हणाली. “इथं तं मीच त्याची राखण करून राहिली.”

बाबांनी पिशवी उचलून होडीत ठेवली. ‘घरी चल’ हे शब्दही त्यांनी उच्चारले नाहीत. पुरीत साधी रबरी चप्पल घेतली आणि तीच घालून भिलाईला आले.

घरी येऊन दीड महिना झाला. काय उरलं म्हणाल, तर रोज दुपारी दोनला दहा मिनिटं कमी असताना बाबा फोन लावतात आणि विचारतात, “बोल, काय पोझिशन?” काल प्रज्ञा ओरडतच होती. पहिल्या घरट्यातली पिल्लं सकाळी पाण्यात गेली. आईने फोन हिसकावला. “आता तरी ये ना वं आठ दिवस घरी.”

“कशी येऊ आई? बाकीची घरटी राहिलीत. माह्या जागी बसाले कोणी नाही.”

“कावून नाही?” बाबा पलंगावरून उठलेच. “मी हाय ना रिलीव्हर.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तिकीट काढ. दोन दिवस आधीचं काढ, चार्ज समजून घ्यावा लागते. अन् बाजारातून पाच नंबरचे जोडे आण तिच्यासाठी. माहे मले ड्यूटीवर लागतीन.”