मला साक्ष द्यायची होती

भंडारा रोड स्टेशनवर गाडी दोनच मिनिटं थांबायची, आणि बाबांची प्रार्थना कधी दोन मिनिटांत आटोपली नाही. ताई, तुला आठवत असेल, तू माझी ट्रंक धरून उभी होतीस. बाबांनी डोळे मिटून माझ्यासाठी मागितलं, मी शिकाऊ म्हणून चाललो होतो त्या भिलईच्या पोलाद कारखान्यासाठी मागितलं, रशियाहून आलेल्या इंजिनियरांसाठी मागितलं. गाडी येऊन उभी राहिली तरी त्यांचं ड्रायव्हरसाठी मागणं चालूच. शेवटी तूच मोठ्यानं ‘आमेन’ म्हणून टाकलंस आणि मला डब्यात ढकललंस. सगळा फलाट बघत होता, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिडकीशी येऊन बाबा एवढंच म्हणाले, “विचारल्याबिगर सांगत फिरू नोको. पन कोनी विचारलं तं लपवू नोको.”

गावात आपल्याला कोणी काही विचारायचा प्रश्नच नव्हता. ख्रिस्ती घरं चार, त्यात बाबा मिशनच्या शाळेचे मास्तर. शेजारून दिवाळीचा चिवडा यायचा, नाताळाच्या करंज्या आपल्याकडून जायच्या. भिलईत मात्र मला कुत्रंही ओळखत नव्हतं. जिकडेतिकडे खोदलेली माती, लोखंडाचे सांगाडे आणि देशभरातून आलेली माणसं. मनोहर साळवे या नावावरून कोणाला काय कळणार? पहिल्याच रविवारी खोलीतल्या वासुदेवला मी विचारलं, “देऊळ कुठं आहे?” आपण चर्चला देऊळच म्हणतो, ते त्या गोंदियाकडच्या शेतकऱ्याच्या पोराला काय ठाऊक! त्यानं मोठ्या मायेनं मला कॅम्प-१ मधल्या मारुतीपुढं नेऊन उभं केलं, माझ्या नावानं नारळही फोडला. मी खोबरं खाल्लं आणि गप्प बसलो.

मग गप्प बसायची सवयच लागली. जेवणाआधी डोळे मिटायचे तर डोळ्यांत धूळ गेल्यासारखं करायचं. धूळ होतीच म्हणा, खोटं बोलायलाही भिलई मदत करायची.

आम्हा शिकाऊ पोरांना रसायनशास्त्र शिकवायला बागची सर होते. बंगाली, कडक, आणि शिकवण्यात एक नंबर. प्रयोगशाळेत वजनाचा नवा काटा आला, काचेच्या पेटीतला, श्वासानंसुद्धा हलेल इतका नाजूक. दुसऱ्या दिवशी पेटीला कोणीतरी लिंबू-मिरची बांधून ठेवलेली. सर भडकले. “हाथ उठाओ, कौन-कौन भगवान को मानता है?” ज्यानं लिंबू बांधलं त्याचाही हात वर गेला नाही. माझाही मांडीवरच राहिला. बाबा म्हणाले होते तसं मला विचारलं होतं, आणि मी लपवलं होतं.

पुढच्या आठवड्यात तो काटा माझ्याच हातून मोडला. घाईत वजन ठेवताना दांडी वाकली. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी पेटी बंद केली आणि बाहेर पडलो. चौकशी सुरू झाली. ज्याचं नाव निघेल त्याची रवानगी सरळ घरी, असं सगळे म्हणत होते. बाबांनी स्टेशनवर ज्याच्यासाठी एवढं मागितलं, त्या पोराला ट्रंक घेऊन परत येताना गाव बघणार, हेच डोळ्यांपुढं यायचं.

तोवर मला आपली माणसं सापडली होती. सेक्टर २ मधल्या एका क्वार्टरमध्ये रविवारी उपासना भरायची, मल्याळी, तेलुगू, उडिया, आणि मराठी मी एकटा. सगळा कारभार मोडक्यातोडक्या हिंदीत. शेवटी प्रत्येकानं साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. तिथं त्याला ‘गवाही’ म्हणत. माझी पाळी आली तेव्हा मी वर न गेलेल्या हाताचं सांगितलं. काट्याचं नाही सांगितलं. दवाखान्यातल्या एक मल्याळी सिस्टर होत्या, त्या म्हणाल्या, “हमको क्यों बताता है? जहाँ छुपाया, उधर बताओ.”

सोमवारी वर्गात उभा राहिलो. तोंडून उपासनेतलाच शब्द निघाला, “सर, मुझे गवाही देनी है.”

वासुदेवनं सदरा ओढला, “बस ना खाली! कोनाचं नाव घेऊन रायला तू?” तेव्हा माझ्या लक्षात आलं, गवाही म्हटल्यावर या सगळ्यांना कोर्टकचेरी आठवली होती. सरांनी खडू खाली ठेवला. “बोलिए. काँटा किसने तोड़ा?”

‘सर, ते नाही, मी देवाबद्दल बोलायला उठलोय’ असं म्हणून सुटता आलं असतं. पण सगळं बघणाऱ्या देवाचं नाव घ्यायचं आणि काटा पोटात ठेवायचा, हे कुठल्या तोंडानं करणार?

“मैंने तोड़ा,” मी म्हणालो. “पर मैं इसके लिए खड़ा नहीं हुआ था.”

पोरं खो खो हसली. त्या हसण्यानंच माझी भीती गेली. मी सांगितलं, त्या दिवशी माझा हात वर जायला हवा होता, मी ख्रिस्ती आहे, येशूला मानतो, तुम्ही हसाल म्हणून गप्प राहिलो.

“भगवान है, इसका सबूत?” सरांनी विचारलं.

“सबूत नहीं है, सर. पर वो न होता तो काँटे की बात मैं आज न बताता.”

सरांनी खडू परत उचलला. मग म्हणाले, “यह सबूत नहीं है. लेकिन ऑब्ज़र्वेशन है. बैठिए.”

मला घरी धाडलं नाही. दोन महिने प्रयोगशाळेतली सगळी काचेची भांडी घासली. वासुदेव चार दिवस बोलला नाही. काट्याचं त्याला काहीच नव्हतं. “मारुतीचं खोबरं खाल्लं तवा कावून नाही सांगतलं मले?” एवढाच त्याचा राग. आणि तो बरोबर होता.

सुट्टीत घरी आलो तेव्हा बाबांना हे सगळं सांगितलं. ताई, तू तेव्हा सासरी होतीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. बोलता बोलता मी म्हणून गेलो, “बाबा, इथं मी मास्तरांचा मुलगा म्हणून ख्रिस्ती होतो. खरा ख्रिस्ती मी भिलईत झालो.” बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मंग इतके वर्सं म्या घरी काय केलं, बाबू?” असं म्हणून हसले. ते हसणं मला आजही लागतं.

आता बाबा नाहीत, गावातलं घर नाही, माझी मुलं घरातसुद्धा हिंदीत भांडतात. माझ्यासारखे गाव सोडून गेलेले भेटले की विचारतात, घर म्हणजे नेमकं कोणतं? मी भिलई म्हणतो, आणि म्हणताना दर वेळी बाबांची माफी मागतो. जे त्यांनी मला दिलं होतं, ते माझं आहे हे कळायला मला त्यांच्यापासून इतकं लांब यावं लागलं.