ग्रहणाच्या माथी मारलेला ओठ

आमच्या घरात अडाणी कोणीच नाही, हे आधी सांगून टाकते. नवरा इंजिनिअर, नणंद बँकेत अधिकारी, सासूबाई जुन्या काळच्या बी.ए. मी कल्याणच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये डिग्री नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. त्यामुळे माझी मुलगी वरचा ओठ दुभंगलेला घेऊन जन्माला आली, तेव्हा त्याचं कारण शोधायला बसलेली मंडळी चांगली शिकलेली होती.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, असं होतं कधी कधी, काही महिन्यांनी ऑपरेशन करून शिवता येतं. मुलीला अंगावरचं दूध नीट ओढता येत नव्हतं. मी दूध काढून बोंडल्याने पाजायचे, त्यातलं अर्धं हनुवटीवरून ओघळायचं. मी घाबरलेली होते, रडतही होते. आणि बाहेर हॉलमध्ये नणंद, खास त्यासाठी डोंबिवलीहून येऊन, मोबाइलवर पंचांग उघडून बसली होती.

‘अगं, तुझ्या पाचव्या महिन्यात ग्रहण होतं की,’ ती आत येऊन म्हणाली. ‘त्या दिवशी काय चिरलंस तू?’

त्या दिवशी मी कॉलेजात होते. बारावीचं प्रॅक्टिकल होतं आणि मी मुलांना जास्वंदीचं फूल उभं कापून दाखवलं होतं. तसं सांगितलं. कशाने कापलं? ब्लेडने. उभं? उभं. नणंदेचा चेहरा असा उजळला की जणू वर्षभराचा ताळेबंद एका फटक्यात जुळला.

‘ताई, ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळून येतो,’ मी म्हणाले. ‘पाचव्यात मी अख्खी बाग कापली असती तरी काही फरक पडला नसता.’

मग मी तो मूर्खपणा केला जो शिक्षक माणूस हटकून करतो. समजावून सांगायला बसले. पोटातल्या बाळाचा चेहरा एकसंध उगवत नाही. कपाळाकडून आणि दोन्ही गालांकडून मांसल कोंब वाढत येतात आणि नाकाखाली एकमेकांना मिळतात. आपल्या सगळ्यांच्या नाकाखाली जी पन्हळ असते, ती तिथलीच. कोंबडीची चोच, मांजराचं तोंड, कळव्याच्या खाडीत चिखलावर उड्या मारणाऱ्या निवटी माशाचा जबडा, सगळ्यांची सुरुवात अशाच कोंबांपासून. उत्क्रांतीने प्रत्येकासाठी नवा आराखडा काढला नाही. जुनाच वापरला, कुठे वाढ थोडी जास्त चालू ठेवली, कुठे थोडी लवकर थांबवली. इतक्या जिवांमध्ये इतक्या काळापासून हे जोडकाम चालू आहे, त्यात कधी एखादा सांधा जुळायचा राहतो. त्यात आईचा दोष नसतो.

सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘ते माशांचं असेल गं.’

शेवटी मी त्यांच्याच शास्त्राला हात घातला. नणंदेच्या हातातला मोबाइल घेतला आणि मोठ्याने वाचून दाखवलं. ते ग्रहण भारतातून दिसणारच नव्हतं. न दिसणाऱ्या ग्रहणाचे वेध पाळायचे नसतात, हा नियम सासूबाईंनीच मला लग्नानंतर शिकवला होता. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. नणंद मात्र म्हणाली, ‘दिसलं नसेल, पण झालं तर होतं ना.’ ही बाई बँकेत लोकांचे कर्जाचे अर्ज तपासून मंजूर करते.

नवरा या सगळ्यावर हसायचा. ‘ह्यांना काय कळतंय,’ असं मला खोलीत येऊन सांगायचा. त्याला माझं सगळं पटत होतं.

खरा वाद बारशाचा झाला. सासूबाईंचं म्हणणं, ऑपरेशननंतर करू, आत्ता लोकांना दाखवायचं काय? मी म्हणाले, बारसं वेळेवर होईल आणि तिचं तोंड उघडं राहील. जिला आजच लपवलं, तिला पुढे बाहेर कोण काढणार? माझं मागणं एवढंच होतं की घरच्या माणसांनी तिच्याकडे एकदा नजर न चुकवता बघावं. ‘आई, बारसं होणार,’ नवरा म्हणाला, आणि त्या एका वाक्यासाठी मी त्याच्यावर फार जीव टाकला.

बारसं झालं. आत्या म्हणून नणंदेने कानात नाव सांगितलं, नजर फक्त कानावर ठेवून. रिवाजाप्रमाणे बायकांनी नणंदेच्या पाठीत बुक्के घातले. मीही एक घातला, रिवाजापेक्षा जरा जोरात. पाळण्यात डोकावून कोणी हळहळलं, कोणी डोळे टपोरे आहेत म्हणालं, एकीने तोंड फिरवलं. मग सगळ्या घुगऱ्या खाऊन घरी गेल्या. आभाळ काही कोसळलं नाही.

पुढे अल्बम आला. पाळणा, झेंडूच्या माळा, साड्या, घुगऱ्यांची ताटं. मुलगी जिथे असायला हवी तिथे कोणाचा तरी खांदा आडवा, नाहीतर फक्त तिची पावलं. हे नणंदेचंच काम असणार, तिचं ऐकलंतच कसं, म्हणून मी फोटोग्राफरला फोन करून झापायला लागले. तो बिचारा गोंधळून म्हणाला, ‘मॅडम, सरांनीच सांगितलेलं ना, बेबीचा फेस घेऊ नका म्हणून.’

नवऱ्याला विचारलं. लॅपटॉपवरून मान वर न करता तो म्हणाला, ‘अगं, मोठेपणी तिलाच वाईट वाटलं असतं. ऑपरेशननंतर काढू ना छान.’

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. त्यानंतरचे फोटो ढिगाने आहेत, बरेचसे त्यानेच काढलेले. सासूबाई आणि नणंद अजून ग्रहण पाळतात. मला त्यांची कीव येते, आणि त्यांना मी केव्हाच माफ केलंय. ज्याला ग्रहण हास्यास्पद वाटत होतं, माझा शब्दन् शब्द पटत होता आणि तरी पोटच्या पोरीचं तोंड बघवत नव्हतं, त्याच्यासमोर मी रोज रात्री जेवायला बसते.